मुलांच्या इलेक्ट्रिक बाइकची बॅटरी: पुन्हा लेड-ॲसिडची जोडी की लिथियमचा पॅक?

सीटखाली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या दोन सील बॅटऱ्या, एकूण २४ व्होल्ट, अशी बाइक धरून हे लिहितोय. जोडी बसली, म्हणजे तिचा दम संपला, की दुकानदार दोन पर्याय पुढे करतो: यूपीएसमध्ये असते तीच लेड-ॲसिड पुन्हा घ्या, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा पॅक टाका.

पण आधी दोष बॅटरीचाच आहे ना, ते बघून घ्या. चार्जर लावल्या लावल्या हिरवा दिवा लागत असेल तर करंट आत जातच नाहीये. फ्यूज उडालाय, थिंबल (तारेच्या टोकाची क्लिप) सैल झालंय, चार्जिंग सॉकेटची तार तुटलीय किंवा बॅटरी पार सल्फेट झालीय. उलट रात्रभर लावूनही लाल दिवा हटत नाही आणि एकच बॅटरी हाताला गरम लागते, तर तिचा एखादा सेल शॉर्ट असणार. व्होल्टेज नीट असूनही बाइक जागची हलत नसेल तर ब्रेक लिव्हरपाशी असलेला, ब्रेक दाबल्यावर मोटर बंद करणारा कटऑफ स्विच तपासा. चिखल बसून तो अडकतो आणि आळ बॅटरीवर येतो.

मीटर जोडीवर एकत्र लावून काही कळत नाही. फुल चार्ज करा, दोन्ही सुट्या करा, तीन-चार तास तशाच ठेवा, मग एकेक मोजा. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक. १०.५ दाखवली तर एक सेल गेला. मात्र दम संपलेली बॅटरीही लोड नसताना १२.६ दाखवू शकते, म्हणून गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब लावून बघा. तो साडेचार अँपिअर खेचतो. चांगली बॅटरी दहा मिनिटं तरी ११.५ च्या वर टिकते, बसलेली मिनिटा-दोन मिनिटांत ११ च्या खाली येते. बल्ब भलताच तापतो, तो सीटवर ठेवू नका.

एकच बसली असली तरी बदलायच्या दोन्ही. सिरीजमध्ये कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि दुसरी तिच्यातून करंट ढकलतच राहते, त्याने तिचे सेल उलटे चार्ज होऊ लागतात. चार्जिंगच्या वेळी चांगलीला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज बसतं. म्हणजे जुनीसोबत नवीही जाते.

लेड-ॲसिडच्या बाजूने बोलायचं तर सोय मोठी. साताऱ्यात काय, सांगली-मिरजेत काय, इन्व्हर्टरच्या दुकानात ही बॅटरी मिळते. माप ठरलेलं, १५१ बाय ६५ बाय ९४ मिलिमीटर. चार्जर तोच चालतो, आणि जुनी जोडी दुकानदार शिशाच्या भावात परत घेतो. घेताना टर्मिनलची पट्टी बघा: ४.७५ मिलिमीटरची आणि ६.३५ ची अशा दोन येतात, थिंबल त्याप्रमाणे लागतं. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, उरलेल्या दोन टोकांना बाइकच्या तारा. त्या उलट लागल्या तर मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर जातो.

लेबलवरचे ७ अँपिअर-अवर मात्र वीस तासांच्या हिशेबाचे, म्हणजे ०.३५ अँपिअर काढले तरचे. बाइक चढावर १०-१५ अँपिअर मागते, तेव्हा त्यातले जेमतेम निम्मे हाती लागतात. सांगलीच्या सपाटीवर हे फारसं जाणवणार नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या गल्ल्यांत जाणवतं.

माझ्यासाठी निकाल लागला तो वेगळ्याच कटकटीवर. ही बाइक वापरून कमी आणि पडून जास्त मरते. मे महिन्यात रोज फिरणार, जूनमध्ये पाऊस आणि शाळा दोन्ही सुरू, मग जिन्याखाली जी जाते ती दिवाळीलाच बाहेर. लेड-ॲसिड आपोआप उतरत राहते, १२.४ च्या खाली पडून राहिली की प्लेटवर सल्फेट धरतं, आणि ते घट्ट झालं की पुन्हा चार्जिंग धरत नाही. उपाय सोपा आहे, महिन्यातून एकदा चार्ज करा. चार महिन्यांच्या पावसात हे कोण लक्षात ठेवतं, सांगा. त्यात दुकानातलीही कधी वर्षभर फळीवर पडलेली निघते. मीटर सोबत न्या, १२.५ च्या खालची नवी बॅटरी घेऊ नका, आणि दोन्हींवर छापलेली तारीख एकच बघा.

एलएफपीला हा रोग नाही. साठ-सत्तर टक्के चार्ज करून कनेक्टर काढून ठेवला तर दिवाळीला बहुधा तशीच हाताशी येते. पूर्ण रिकामी करून मात्र ठेवायची नाही. सेल फार खाली गेले की बीएमएस, म्हणजे पॅकमधलं सेल सांभाळणारं सर्किट, दार बंद करतं आणि चार्जर लावला तरी काही होत नाही.

तिचेही नखरे आहेत. पैसे जोडीच्या दुपटीहून जास्त जातात. बाइकवरचे, चार्ज किती उरला ते दाखवणारे दिवे लेड-ॲसिडच्या हिशेबाचे असल्याने शेवटपर्यंत 'फुल' दाखवतात आणि मग बाइक एकदम थांबते. पोरगं घरापासून लांब असलं तर ढकलत आणायची. दुसरं, बीएमएस कंट्रोलरपेक्षा लहान घेतलं तर चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की सप्लाय तुटतो. कंट्रोलरवर लिहिलेले कमाल अँपिअर वाचा आणि बीएमएस त्याहून मोठं घ्या. तिथे १५ असेल तर ३० चं मागा.

३२७०० मापाचे ६ अँपिअर-अवरचे आठ सेल सिरीजमध्ये लावले की २५.६ व्होल्टचा पॅक होतो. जुनी जोडी चार-साडेचार किलो, हा दीड किलोच्या आसपास. जागा बरीच उरते, ती फोमने घट्ट भरा. पॅक हिंदकळला की सेलवरच्या पट्ट्यांचे वेल्ड सुटतात. प्लसच्या तारेवर, पॅकला लागूनच, फ्यूज हवाच.

बाइक लहान, एका बॅटरीची असेल आणि पोरगं वर्षभरात तिच्याबाहेर वाढणार असेल, तर लेड-ॲसिडच टाका. मोठ्या बाइकला, दोन-तीन वर्षं अजून चालवायची असेल तर, माझा कल एलएफपीकडे.

तिला २९.२ व्होल्टचा एलएफपीचाच चार्जर लागतो. जुन्याची पिन बऱ्याचदा हुबेहूब तीच असते आणि घरातलं कोणीतरी तो लावतंच. काही जुन्या चार्जरमध्ये सल्फेट फोडायला जास्त व्होल्टेजचे झटके देण्याची सोय असते, ते बीएमएसला सोसत नाहीत. म्हणून जुना चार्जर जुन्या जोडीबरोबरच दुकानदाराला देऊन टाका.