पानगळीत सगळ्यांना घेऊन दिवसभर चालायचंय: लूप घ्यावा की आल्या वाटेने परत?

गावाबाहेर एक दिवस चालायचं ठरलं की रूटचे दोनच प्रकार समोर येतात, गोल फिरवून गाडीपाशी आणून सोडणारा लूप नाहीतर गेलो त्याच वाटेने परत. मी दोन्ही केलेत, पोरांबरोबरही आणि आईला घेऊनही. उन्हाळ्यात विचाराल तर डोळे झाकून लूप सांगेन. पण प्रश्न पानगळ संपत आलेल्या, थंडीच्या तोंडावरच्या दिवसांचा आहे आणि तिथे गणित जरा बदलतं असं माझं मत आहे. बूट, जॅकेट, थर्मास वगैरे तुम्हाला माहितीच आहे, ते सोडून देतो.

आधी लूपची बाजू, कारण ती खरंच दमदार आहे. पोरांना "इथूनच तर आलो ना मगाशी" असं वाटलं की त्यांचे पाय दुखायलाच लागतात, लूपमध्ये ते होत नाही, प्रत्येक वळणाला काहीतरी नवीन असतं. शिवाय चढ सकाळी उरकून सपाट भाग दुपारनंतर ठेवता येतो. आणि मोठ्या माणसांना पण गोल पूर्ण केल्याचं एक समाधान असतंच, नाही कशाला म्हणू.

आता उजेड. पन्नास अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास नोव्हेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेआठ तासांचा असतो. विषुववृत्ताच्या जवळ राहत असाल तर दिवस बराच मोठा मिळतो पण तिथे सूर्य सरळ खाली उतरतो, त्यामुळे तो बुडाला की संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. म्हणजे कुठेही असा, उशीर परवडत नाही. वेळेचा अंदाज काढायला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम अजून चालतो, 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 12 किलोमीटर आणि 300 मीटर चढ असेल तर तीन तासांच्या आतबाहेर. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे, लहान पोर बरोबर असेल तर मी सरळ दुप्पट धरतो आणि तरी कधीकधी कमी पडतं. आल्या वाटेने परत यायचं असेल तर ही कटकटच नाही, हातात जेवढा उजेड आहे त्याच्या निम्म्याच्या थोडं आधी मागे फिरायचं, कुठवर पोचलो ते महत्त्वाचं नाही. लूपमध्ये अर्धं पार केलं की मागे फिरण्यात अर्थच उरत नाही, पुढेच जावं लागतं, मग कुणी दमलेलं असो नाहीतर आभाळ भरून आलेलं असो.

पण खरं सांगू का, माझा निर्णय उजेडाने नाही केला, फाट्यांनी केला. उन्हाळ्यात पायवाट दिसते कारण आजूबाजूला गवत असतं आणि वाट तेवढी तुडवलेली असते. पानगळीत रुंद पानांच्या झाडीत सगळी जमीन एकसारखी तपकिरी होते, वाट कुठली आणि नुसती झाडांमधली मोकळी जागा कुठली तेच कळत नाही, खालची मुळं आणि दगड झाकले जातात ते वेगळंच. मग फाटा आला की अख्खी वरात थांबते. मी ग्लोव्ह काढणार, फोन काढणार, ओल्या बोटाला स्क्रीन दाद देणार नाही, आणि जागच्या जागी उभं असल्यामुळे नकाशावरचा बाण भलतीकडेच तोंड करून बसणार. तोवर माझ्या पाठीवरचा घाम गार व्हायला लागतो. मोठी ओल्या ओंडक्यावर बसून मोकळी होते. आई "काय झालं रे, चुकलो का" म्हणते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे धाकटा, तो पाठीवरच्या कॅरियरमध्ये, म्हणजे त्याला उचलून मी घामाघूम पण तो स्वतः चाललेलाच नाही, त्यामुळे त्याच्या अंगात ऊब तयार झालेलीच नसते आणि एवढंसं अंग गारही पटकन होतं. बाहेरून गाल लाल आणि गोड दिसतात, पण मानेमागे हात घालून बघा. थांबणं चार-पाच मिनिटांचं असतं पण परत गरम व्हायला त्याहून जास्त वेळ जातो, तोवर पुढचा फाटा हजर.

हेच थांबणं आल्या वाटेच्या रूटला पण आहे, नाही असं नाही, पण ते सगळं सकाळी होतं, सगळे ताजे असताना. परतीला वाट ओळखीची. फक्त एक करायचं, जाताना प्रत्येक फाट्यावर मागे वळून एक फोटो काढून ठेवायचा, कारण उलट्या बाजूने तीच जागा अजिबात ओळखू येत नाही.

बाकी कंटाळ्याचं म्हणाल तर मला तो वाटला तेवढा नाही जाणवला. निरभ्र लांब रात्रीत जमीन गार होते, जड थंड हवा दरीत साचते आणि धुकं धरतं, आणि खाली आलेला सूर्य ते उठवायला कधीकधी दुपार करतो. म्हणजे सकाळी जी दरी दिसलीच नाही ती परतीला दिसते. एक चलाखी अजून, जमलं तर पश्चिमेकडे जाणारा रूट घ्या, सकाळी ऊन पाठीवर आणि परतताना पण पाठीवरच, नाहीतर दुपारनंतर सूर्य बरोब्बर डोळ्यांच्या रेषेत येतो आणि समोरचा निसरडा उतार दिसतच नाही. पोरांसाठी ओढ्यासारखी एखादी गंमत मुद्दाम परतीला राखून ठेवायची, "येताना थांबू" म्हणून, आणि खरंच थांबायचं, नाहीतर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

अर्थात तुमची पोरं मोठी असतील, वाटेवर ठिकठिकाणी खुणा असतील आणि पाठीवर कुणी नसेल तर लूपला माझी ना नाही, कदाचित तुम्हाला तोच आवडेल. फक्त त्याचा दुसरा अर्धा भाग घरातल्या कुणीतरी आधी चालून बघितलेला असावा आणि हेडलॅम्प सॅकच्या तळाशी नाही, वरच्या खिशात असावा.