मायक्रोटिक हेक्स: पोर्ट फॉरवर्डिंगसाठी घ्यावा का?

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची अडत असो की कुपवाड एमआयडीसीतलं वर्कशॉप, मागणी तीच असते: डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बाहेरून दिसला पाहिजे आणि ऑफिसातल्या टॅलीवर घरून काम करता आलं पाहिजे. त्यासाठी राउटरवर डेस्टिनेशन नॅट, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, करावं लागतं: बाहेरून ठरावीक पोर्ट नंबरवर आलेलं ट्रॅफिक आतल्या ठरावीक यंत्राकडे वळवायचं. ते फायबरसोबत मिळणाऱ्या डब्यातही होतं. पण चाललं नाही तर का चाललं नाही, हे तो डबा सांगत नाही. मायक्रोटिक कंपनीचा हेक्स राउटर, मॉडेल आरबी७५०जीआर३, ते सांगतो आणि तेवढ्यासाठीच तो पैसे वसूल करतो.

केबल लावायचे पाच गिगाबिट पोर्ट, २५६ एमबी रॅम. वाय-फाय नाही, ते वेगळं घ्यावं लागेल. ८ ते ३० व्होल्ट डीसीवर चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर नेट सुरू राहतं.

विकत घेण्याआधी जुन्या राउटरमधला वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. कुठल्याही राउटरवर कितीही रूल टाका, बाहेरून काही येणार नाही. इंटरनेट कंपनीकडून स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, घ्यावाच लागतो. आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फायबरचा डबाच राउटिंग करतोय, तो ब्रिज मोडवर (राउटिंग न करता नुसती लाइन पुढे देणारा) करून घ्या.

रूल सोपा आहे. विनबॉक्स या मायक्रोटिकच्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये आयपी, फायरवॉल, नॅट असं जा. चेन डीएसटीनॅट, प्रोटोकॉल टीसीपी, डेस्टिनेशन पोर्ट हिकव्हिजनसाठी ८००० किंवा दहुआसाठी ३७७७७, अ‍ॅक्शन डीएसटी-नॅट आणि डीव्हीआरचा आतला आयपी. इन-इंटरफेस (ट्रॅफिक कुठल्या जोडणीतून आत येतं ते) मात्र रिकामा सोडू नका. पोर्ट ८० चा रूल तसाच सोडला, तर आतल्या माणसाने उघडलेली प्रत्येक साधी एचटीटीपी साइटही डीव्हीआरकडे वळते. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं) कनेक्शन असेल तर तिथे ईथर१ नव्हे, पीपीपीओई-आउट१ निवडायचा. तोच इंटरफेस वॅनच्या यादीतही घाला. नाहीतर मूळ सेटिंगमधला, नॅट न झालेलं बाहेरचं ट्रॅफिक अडवणारा फॉरवर्ड रूल त्याला लागूच होत नाही.

आता खरी गंमत. प्रत्येक रूलसमोर त्याला लागलेल्या पॅकेटचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचा, आकडा दिसतो. बाहेरून, म्हणजे मोबाइल डेटावरून, जोडून बघा. आकडा शून्यावरच राहिला तर रूल पॅकेटला लागलाच नाही: सीजीनॅट, चुकीचा इंटरफेस किंवा वर असलेला दुसरा रूल. आकडा वाढतोय पण स्क्रीन कोरी, तर दोष आत आहे. बहुतेक वेळा डीव्हीआरमधला गेटवे (उत्तर ज्या राउटरकडे पाठवायचं त्याचा पत्ता) रिकामा किंवा जुन्या राउटरचा असतो, म्हणून उत्तर परत येत नाही. कॉम्प्युटर असेल तर विंडोज फायरवॉल तपासा. रूल बदलूनही फरक पडत नसेल तर कनेक्शन्स टॅबमधली जुनी नोंद काढा. नॅट फक्त कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटवर ठरतं.

दुकानाच्या वाय-फायवरून तोच पब्लिक आयपी उघडत नाही, ही तक्रार हमखास येते. आतून येणारं पॅकेट वॅनच्या इंटरफेसमधून येतच नाही, त्यामुळे रूलमध्ये इंटरफेसऐवजी डेस्टिनेशन अ‍ॅड्रेस म्हणून पब्लिक आयपी द्यावा लागतो. शिवाय आतून आतल्या नेटवर्ककडे जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी वेगळा मास्करेड रूल (पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा पत्ता घालणारा) हवा. तो नसेल तर डीव्हीआर मोबाइलला थेट स्वतःच्या आयपीवरून उत्तर देतो आणि मोबाइल ते टाकून देतो.

टॅलीच्या कॉम्प्युटरचा रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट मात्र असा उघडू नका. पोर्ट नंबर बदलून लपवल्यानेही स्कॅन करणारे थांबत नाहीत. हेक्सच्या राउटरओएस ७ या सिस्टीममध्ये वायरगार्ड व्हीपीएन आहे. व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या सुरक्षित खासगी वाटेने, आत येऊन मगच रिमोट डेस्कटॉप वापरावा. विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट सुद्धा बाहेरून बंदच हवा. २०१८ मध्ये त्यातल्या त्रुटीतून पासवर्ड चोरले गेले होते.

उणिवा आहेत. मेनू नवख्याला घाबरवणारा आहे, मराठी तर नाहीच. मोठी अडचण १६ एमबी फ्लॅशची (साठवणीच्या जागेची): राउटरओएस आवृत्ती ७ चे अपडेट टाकताना जागा अपुरी पडते, जास्तीची पॅकेजं आणि फाइल काढून मगच अपडेट करावं लागतं. नवीन घेणार असाल तर ५१२ एमबी रॅम आणि १२८ एमबी फ्लॅशचा नवा हेक्स, मॉडेल ई५०यूजी, मागा. दुकानदार जुना स्टॉक पुढे करेल, म्हणून खोक्यावरचं मॉडेल वाचूनच पैसे द्या.