नरकासुराचे डोळे की आकाशकंदील?
दिवाळीसाठी ऑनलाइन दोन लाल एलईडी दिसतात, दोन्ही ५ मिमी. एकावर ८००० एमसीडी (मिलिकँडेला), झोताचा कोन १५ अंश. दुसऱ्यावर १००० एमसीडी, कोन ६० अंश. पहिलाच घ्यावासा वाटतो ना? पण एमसीडी म्हणजे एका दिशेतली तीव्रता, एकूण उजेड नव्हे. एकूण उजेड मोजतात ल्यूमेनमध्ये; हिशेब मांडला तर पहिला जेमतेम ०.४ ल्यूमेन देतो, दुसरा ०.८ च्या आसपास. म्हणजे दुप्पट!

आकाशकंदिलात पहिला कागदावर नुसता ठिपका पाडतो. तिथे मी ६० अंशांचाच लावीन, तोही दुधी टोपीचा. पणजीच्या रस्त्यावर उभ्या नरकासुराच्या पुतळ्याच्या डोळ्यांना मात्र १५ अंशच शोभतो, समोरच्याच्या नजरेत थेट घुसतो. पहाटे पुतळा जाळण्याआधी एलईडी आणि सेल तेवढे काढून घ्या.