लिननच्या चादरी आणि पडदे, गुहागरातल्या घरात वर्षभर वापरून

आमचं घर गुहागरला, वाडीतनं चालत गेलं की पाच मिनिटांत समुद्र, आणि मागच्या दोन खोल्या आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना राहायला देतो. त्यामुळे चादरी सारख्या धुवायला निघतात. जुलैत शनिवार-रविवार पाहुणे राहून गेले की सोमवारी सगळं धुऊन पडवीत दांडीवर टाकायचं, आणि बुधवार उजाडला तरी हात लावला की गार. सुती चादर वरनं सुकल्यासारखी वाटते पण काठाच्या शिवणीत ओल राहते आणि तिथनंच तो कुबट वास धरतो. ड्रायर घ्यावा म्हटलं तर पावसात लाइटचा काय भरवसा. मुंबईच्या बहिणीने सांगितलं लिनन बघ, आणि गेल्या वर्षी मे महिन्यात मी ते मनावर घेतलं.

पहिल्यांदा फसले. ऑनलाइन पडदे मागवले, वर मोठ्या अक्षरात लिनन लिहिलेलं, फोटोत तो जाडाबारीक धाग्याचा पोतही दिसत होता आणि भाव एवढा कमी की मला तेव्हाच कळायला हवं होतं. पडदा हातात घेतला तर गुळगुळीत, थेंबभर पाणी टाकलं तर थेंब तसाच वर बसून राहिला. मग काठाचे चार धागे ओढून निरांजनावर धरले. ते जळलेच नाहीत, आक्रसले आणि टोकाला काळी टणक गोळी झाली, म्हणजे सरळ पॉलिएस्टर. खरा लिननचा धागा कागदासारखा जळतो, वासही कागद जळल्याचाच येतो आणि मागे बोटाने चुरगळेल अशी राख राहते. अर्थात सुती धागाही तसाच जळतो, म्हणजे या परीक्षेत प्लॅस्टिक पकडलं जातं, लिनन की सुती ते कळत नाही. ते पडदे परत पाठवले, पैसे मिळायला महिना गेला. राग पैशांचा तर आलाच, पण जास्त याचा की असलं कापड धुतलं की त्याचे बारीक प्लॅस्टिकचे तंतू पाण्याबरोबर जातात, आणि आमच्या मोरीचं पाणी वाडीतनं शेवटी समुद्राकडेच जातं.

दुसऱ्यांदा मग पुण्याला गेले असताना दुकानात उभं राहून, लेबलवर १०० टक्के लिनन वाचून, उजेडात धरून कापड घेतलं. १६५ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १६५ ग्रॅम वजनाचं, न रंगवलेलं, वाळक्या गवताच्या रंगाचं. दोन डबलच्या चादरी शिलाईसकट साडेचौदा हजाराला पडल्या. हो, महाग आहे, आमच्याकडच्या चांगल्या सुती चादरींच्या पाचपट.

आता फरक सांगते. मशीनमध्ये पिळून संध्याकाळी दांडीवर टाकलेली लिननची चादर दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत शिवणीतसुद्धा कोरडी. शेजारी त्याच वेळी टाकलेली सुती चादर तिसऱ्या दिवशी काढली. पावसाळाभर हे बघितलं, एकदोनदा नाही. अंगालाही ती चिकटत नाही, लिनन हवेतली ओल स्वतःत घेतं आणि लवकर सोडतं, म्हणून दमट रात्रीसुद्धा पाठीखाली कोरडं वाटतं. पहिले दोन महिने मात्र जरा खरखरीत लागते, दहाबारा धुण्यांनंतर मऊ पडायला लागली आणि अजून पडतेच आहे. आणखी एक, लिननचा धागा ओला झाला की कोरड्यापेक्षा मजबूत होतो, त्यामुळे वारंवार धुण्याची भीती नको.

सुरकुत्या! त्या पडणारच. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगो, इस्त्री न करताच घातलीस काय?" मी म्हटलं, "केली हो आई, तास झाला नाही अजून." थोडी ओलसर असताना इस्त्री फिरवली तर बरी दिसते, पूर्ण सुकल्यावर कितीही दाबा, काही उपयोग नाही. आता पाहुण्यांना मी आधीच सांगते की हे कापडच असं असतं, आजवर कुणी तक्रार केली नाही.

हे कापड येतं कशापासून तर आपल्या जवसापासून! म्हणजे चटणी करतो तेच झाड, फक्त धाग्यासाठीचा वाण वेगळा, कमरेएवढा उंच आणि फांद्या कमी. फ्रान्स-बेल्जियमच्या किनारपट्टीला होतो, कापत नाहीत, मुळासकट उपटतात म्हणजे धागा लांब मिळतो, आणि मग काही आठवडे शेतातच आडवा पसरून ठेवतात. दवाने आणि जंतूंनी काडी कुजली की आतला धागा सुटा होतो. हे वाचलं तेव्हा मला आमची नारळाची सोडणं आठवली, काथ्यासाठी खाडीच्या चिखलात कुजत घालतात ती, तत्त्व तेच. तिकडे हे पीक बहुतेक पावसावरच येतं, पाणी द्यावं लागत नाही. सुती कापडाच्या एका किलोमागे जगाच्या सरासरीने १०,००० लिटरच्या आसपास पाणी जातं (त्यात पावसाचंही धरलेलं आहे), त्या मानाने लिनन फार कमी पाण्यात भागवतं. आपल्याकडे बंगालमध्ये रिश्र्याला लिननची मोठी गिरणी आहे पण तिलाही जवसाचा धागा बाहेरूनच आणावा लागतो. तेव्हा एवढ्या लांबनं आलेलं कापड घ्यायचं तर ते दहापंधरा वर्षं वापरायच्या तयारीनेच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. आणि घरात धड चादरी असतील तर त्या फाटेपर्यंत वापरा, पर्यावरणासाठी म्हणून चांगल्या चादरी टाकून लिनन आणू नका.

पडद्यांत माझी चूक झाली. कापड आणलं आणि लगेच टेलरकडे दिलं, ८४ इंची पडदे शिवून घेतले, पहिल्याच धुण्यात तीन इंच आत आले आणि आता खालनं फट दिसते. लिनन आधी भिजवून, सुकवून मगच शिवायला द्या, दुकानदाराने नाही सांगितलं तरी. बाकी पडदे म्हणून कापड छान आहे, खाऱ्या वाऱ्यात वर्षभर आहेत तरी धागा विरलेला नाही, दुपारचं ऊन गाळून आत येतं आणि खोली काळोखी होत नाही.

बुरशी लागत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ऑगस्टमध्ये एक अभ्रा जरा दमट असतानाच घडी करून कपाटात गेला, आठवड्याने काढला तर घडीवर काळे ठिपके, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. शेवटी झाडाचंच कापड आहे, ओल राहिली की बुरशी धरणारच. आणि नेहमी एकाच रेषेवर घडी घालू नका, तिथे धागा तुटतो, मी दर वेळी घडी बदलते. ब्लीच अजिबात नको, गरम पाणीही फार नको.

टॉवेलही एक घेऊन बघितला, लवकर सुकतो पण पाहुण्यांना जाड टर्किशच लागतो, तो नाद सोडला.

अजून दोन चादरींचं कापड दिवाळीनंतर घ्यायचं ठरवलंय, पाहुण्यांचे पैसे हातात आले की. या वेळी अर्धा मीटर जास्तीचं घेणार आणि घरी आणल्यावर आधी दोनदा भिजवणार.