चढावरचं चालणं की घरातली सायकल?

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर डॉक्टरांनी ‘व्यायाम सुरू करा’ म्हटलं की साताऱ्यात बहुतेकांपुढे दोन गोष्टी येतात: सकाळचं चालणं, नाहीतर घरातली एका जागी चालवायची सायकल. दोन्ही चांगल्या. माझा कल मात्र सायकलकडे, निदान पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरता. कारण एकच, चढ.

समर्थ मंदिराकडून राजवाड्याकडे निघालं की उतारावर पाय आपोआप पडतात. येताना तोच चढ, आणि तोही दमल्यावर. मिनिटाला ८० मीटर या वेगाने सपाटीवर चालताना साधारण ३.३ मेट लागतात, म्हणजे नुसतं बसून राहण्याच्या सव्वातीन पट ऑक्सिजन. त्याच वेगाने ५ टक्के चढ चढला तर ५.३. वेग ६० मीटरवर आणला तरी ४.३. ‘हळूच चढतोय की’ असं म्हणणाऱ्याचं हृदयही सपाटीवर झपझप चालणाऱ्यापेक्षा जास्त राबत असतं. वर अर्ध्या वाटेत छाती भरून आली तरी घर गाठायचं बाकीच. सायकलवरून तिथल्या तिथे उतरता येतं.

सायकलवर ६० किलोच्या माणसाला २५ वॉट भाराला तेच ३.३ मेट पडतात आणि शेवटपर्यंत तेवढेच राहतात. साध्या सायकलीवर वॉट दिसत नाहीत. मग पेडल जड-हलकं करणाऱ्या ब्रेकच्या खटक्याचा आकडा आणि मिनिटाला ५० फेरे रोज तेच ठेवायचे.

सायकलचे तोटेही आहेत. हृदय दमण्याआधी मांड्या भरून येतात. सीट इतकी उंच हवी, की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. बायपासवाल्यांनी ऑपरेशनमध्ये कापलेली उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, जुळेपर्यंत हँडलवर भार टाकू नये. आणि घराजवळ सपाट मैदान असेल, तर माझा चढाचा मुद्दा बराच ढिला पडतो. रोजच्या कामाला चालण्याचाच सराव जास्त उपयोगी.

घड्याळातल्या नाडीवर मात्र कुठेच विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी दबलेली राहते आणि चढावरही आकडा साळसूद दिसतो. दम किती लागला ते स्वतःच ठरवायच्या बोर्गच्या ६ ते २० या मापावर ११ ते १३ इतकाच दम लागावा: पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. इको रिपोर्टमधला ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, तोसुद्धा व्यायामाची ताकद सांगत नाही. ३५ वाला ५५ वाल्यापेक्षा जास्त चालू शकतो. ताकद स्ट्रेस टेस्टमध्ये कळते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून मगच खटका वाढवावा.

शेवटची पाच मिनिटं बिनभाराचे पेडल मारावेत. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि उतरताना भोवळ येते. छातीत, जबड्यात किंवा हातात दाब जाणवला तर लगेच थांबून बसावं, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ ला फोन लावावा.