शंकूच्या तळाचा फर्मेंटर: सहा बॅचनंतर

मेलबर्नला घरी प्यायला बियर करायची तर परवाना लागत नाही. आमच्या गॅरेजमधला जुना फ्रिज गेली चार वर्षं माझ्या लागरसाठीच, म्हणजे थंडीत सावकाश आंबवायच्या बियरसाठीच आहे. आधी आंबवायला साधी बादली वापरायचे. गेल्या हिवाळ्यात २७ लिटरचा, शंकूच्या तळाचा प्लास्टिकचा फर्मेंटर, म्हणजे बियर आंबवायचं भांडं, घेतला. खाली झडप, झडपेखाली फिरवून काढायची ६०० मिलीची बाटली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला बोलायचंय ते या रचनेबद्दल.

घेतला तो तळाशी बसणारा साका खालून काढता यावा म्हणून. एका बाबतीत तो खरंच सोयीचा आहे. उकळलेला वर्ट (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) १२ अंशांवर आणून पाच-सहा तास ठेवला की प्रथिनांचा गाळ आणि हॉप्सचा (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) हिरवट चोथा बाटलीत उतरतो. झडप बंद करायची, बाटली रिकामी करायची आणि मग यीस्ट घालायचं. मी २० लिटरला डब्ल्यू-३४/७० या सुक्या लागर-यीस्टची दोन पाकिटं घालते.

अडचण येते ती शेवटी. पहिल्या बॅचला बियर १ अंशावर थंड करून यीस्ट काढलं, रिकामी बाटली परत लावली आणि झडप उघडली. बाटलीतली सगळी हवा बुडबुडे होऊन बियरमधून वर गेली. बसलेला साका ढवळला गेलाच, शिवाय तीन आठवड्यांनी ग्लासात ओल्या पुठ्ठ्याचा वास! आता बाटलीत आधी कार्बन डायऑक्साइड भरते. तुमच्याकडे त्याचं सिलिंडर नसेल तर आंबवण संपल्यावर झडपेला हात लावू नका.

दुसरं म्हणजे यीस्ट सगळं खाली घसरत नाही. शंकूच्या उतारावर अंगठ्याएवढा थर चिकटून राहतो. रोज बाहेरून तळव्याने थापट्या माराव्या लागतात.

आई कुरडयांसाठी गव्हाचा चीक रात्रभर निवळत ठेवायची आणि सकाळी पातेलं जराही न हलवता वरचं पाणी ओतून टाकायची. बादलीतली लागर मी तशीच काढायचे: चार आठवडे १ अंशावर ठेवायची, मग नळीने वरच्या वर. तीही इतकीच नितळ यायची. म्हणून नुसत्या नितळपणासाठी पैसे घालू नका.

मला पैसे वसूल झाले ते यीस्टमुळे. बाटलीत अगदी चिकासारखं दाट, पांढरं यीस्ट मिळतं. झाकण सैल लावून फ्रिजमध्ये ठेवलं की दहा दिवसांत पुढच्या बॅचला वापरता येतं. लागरला यीस्ट भरपूर लागतं, त्यामुळे ही बचत लहान नाही. शेवटच्या चार बॅच मी एकाच यीस्टवर काढल्या.

धुताना झडप मात्र पूर्ण सुटी करा. रबरी कड्याच्या मागे मला हॉप्सचा काळपट थर सापडला होता, आणि बाहेरून झडप स्वच्छ दिसत होती. प्लास्टिकला उकळतं पाणी आणि घासणी, दोन्ही चालत नाहीत. कडं वेगळं काढून भिजत घाला.