दारुहळद: भरड, रसवंती की कॅप्सूल?

वजन आणि कोलेस्टेरॉल उतरवायला म्हणून हल्ली दारुहळद भरपूर खपते. हिमालयातल्या या काटेरी झुडपाच्या मुळातलं बर्बेरीन हे पिवळं, कडूजहर द्रव्य काम करतं, यात खोटं नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चिनी अभ्यासात रोज १ ग्रॅम बर्बेरीन ३ महिने दिल्यावर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सुमारे २५ टक्के उतरलं होतं. प्रश्न एवढाच, की हा १ ग्रॅम पोटात जाणार कसा?

काष्ठौषधींच्या दुकानातली भरड सर्वांत स्वस्त. पण मुळात बर्बेरीन साधारण २ ते ४ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम चूर्णातून फार तर १२० मिलिग्रॅम. १ ग्रॅमसाठी निदान २५ ग्रॅम भुकटी गिळावी लागेल! गुळण्यांना ठीक, चरबीसाठी नाही. तयार चूर्ण चुन्याच्या निवळीत टाकून पाहा. लालभडक झालं तर त्यात स्वयंपाकाची हळद आहे.

रसवंती म्हणजे दारुहळदीचा काढा आटवून केलेला काळपट गोळा. ताकद जास्त, भरवसा कमी. गरम पाण्यात विरघळवली की तळाशी माती-काड्यांचा गाळ बसतो; फडक्यातून गाळून, पुन्हा आटवूनच वापरावी. प्रत्येक गोळ्याची ताकद वेगळी, त्यामुळे मात्रा ठरवता येत नाही.

उरली कॅप्सूल. डबीवरचं ‘अर्क ५०० मिलिग्रॅम, १०:१’ फसवं आहे: १० किलो मुळांचा १ किलो अर्क केला, एवढंच त्यातून कळतं. बर्बेरीनची टक्केवारी छापलेली आणि बॅचचा तपासणी अहवाल देणारीच घ्या. पहिला आठवडा बर्बेरीन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा जेवणासोबत. सोसलं तर दोनदा. पहिल्याच दिवशी तीन घेतल्या की मुरडा, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ, कारण रक्तात १ टक्काही शोषलं जात नाही, बाकी सगळं आतड्यातच.

ओझेम्पिक हे वजन उतरवणारं मधुमेहाचं इंजेक्शन; बर्बेरीनला ‘नैसर्गिक ओझेम्पिक’ म्हणणं ही निव्वळ थाप. वजन उतरलंच तर दोनेक किलो.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल तर डबी आधी डॉक्टरांना दाखवा. औषधं मोडणारी यकृतातली एन्झाइम्स बर्बेरीन रोखतं, म्हणून काही स्टॅटिन आणि सायक्लोस्पोरिन (अवयव बदलल्यावर देतात ते औषध) रक्तात साचू शकतात. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरू शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना मुळीच नको; तान्ह्याची कावीळ बळावू शकते. कॅप्सूल सुरू करण्याआधी आणि १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करा. आकडे हलले नाहीत तर पुढची डबी आणू नका.